आत्याबाईंची नोकरी गेली हो!

ऐकलंत का? न्यूयॉर्कमधल्या एका तीस वर्षांच्या बाईला एका महिन्यात १,५०४ निरोप आले. बँकेचे नव्हेत, कुरिअरवाल्याचे नव्हेत, रोज पहाटे गुलाबाच्या फुलावर सुविचार चिकटवून पाठवणाऱ्या काकांचेही नव्हेत. सगळे ‘आपल्याशी ओळख करून घ्यायला आवडेल’ या जातीचे. हिशोब मांडून बघा: दर अर्ध्या तासाला एक, दिवसा आणि रात्री, ती घोरत पडलेली असतानासुद्धा, सलग महिनाभर! आमच्या वेळी आळीतल्या सगळ्यात देखण्या मुलीला वर्षाकाठी दोन चिठ्ठ्या आल्या तरी तिच्या आईला नळावर मान खाली घालून जावं लागायचं.

आणि ही चुगली केली कुणी म्हणता? शेजारणीचा यात काडीचा हात नाही. एलिझाबेथ ब्रूख आणि मार्क न्यूमन या मिशिगन विद्यापीठातल्या दोघा विद्वानांनी ती केली, २०१८ साली, ‘सायन्स ॲडव्हान्सेस’ या भारदस्त नियतकालिकात, आकृत्यांसकट. न्यूयॉर्क, बॉस्टन, शिकागो आणि सिअ‍ॅटल या चार शहरांत एका डेटिंग साइटवर कोण कुणाला निरोप धाडतो आणि कोण कुणाला उत्तर देतो, हे त्यांनी महिनाभर तपासलं. (निरोपांतला मजकूर आणि माणसांची नावं बाजूला ठेवून हो, विद्वान असले तरी सभ्य आहेत.) मग गूगल वेबपानांची प्रतवारी लावायला जे गणित वापरायचं, तेच माणसांना लावलं. तुम्हाला किती जण विचारतात एवढंच मोजायचं नाही, विचारणाऱ्यांना किती जण विचारतात तेही मोजायचं. निष्कर्ष काय, तर बहुतेक लोक आपल्यापेक्षा साधारण २५ टक्के वरच्या माणसावर डोळा ठेवून असतात. यासाठी संगणक लागला, बरं का! आमच्याकडे कुठलीही आई मुलासाठी स्थळं बघायला लागली की चहा उकळेपर्यंत हे सांगेल, आणि वर ‘आपलं ध्यान काय, अपेक्षा काय’ असा शेराही मारेल. मुलगा तिचाच असला तरी.

आता या वयात मी असलं काहीतरी वाचते म्हणून भुवया चढवू नका. कुणीतरी वाचायला हवंच, कारण आपल्याला हल्ली कुणी काही सांगत नाही. माझी तक्रार नेमकी तीच आहे. मुलंमुली भेटतात, बोलतात, कॉफी पितात, याचं मला सुतक नाही. मला धक्का बसलाय तो या गोष्टीचा की एवढं सगळं होतं आणि जिन्यात त्याची कुजबुजही ऐकू येत नाही! पूर्वी समोरच्या इमारतीतला बंड्या बसस्टॉपवर तिसऱ्यांदा त्याच मुलीशेजारी दिसला, की संध्याकाळपर्यंत तिची शाळा, गाव, वडिलांची नोकरी आणि आजोळ आमच्या हातात असायचं. आज बंड्याच्या फोनचा बोटाएवढा पडदा रात्री दीडला उजळतो, तो पांघरुणात हसतो, आणि भिंतीपलीकडच्या आम्ही ठार अडाणी.

याला पुरावा आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ मायकल रोझेनफेल्ड बरीच वर्षं अमेरिकेतल्या जोडप्यांना एकच खमंग प्रश्न विचारत आलेत: तुमचं जमलं कुठे? (काय सुंदर नोकरी आहे! आम्ही जन्मभर हेच फुकट केलं.) १९९५ साली जुळलेल्या जोडप्यांपैकी ३३ टक्क्यांची गाठ मित्रमैत्रिणींमुळे पडली होती. २०१७ साली जुळलेल्यांत हे प्रमाण २० टक्क्यांवर आलं. घरच्यांमुळे भेटलेले, शेजारात भेटलेले, चर्चमध्ये भेटलेले, सगळे आकडे खाली घसरले. आणि त्या २०१७ साली जमलेल्या स्त्री-पुरुष जोडप्यांपैकी सुमारे ३९ टक्के भेटली ती ऑनलाइन. इंटरनेट आल्यावर सुरुवातीला वाटलं होतं की ते मित्रांच्या मदतीला येईल, ओळखी वाढवेल. झालं भलतंच. त्याने मित्रांना बाजूला सारून त्यांच्या खुर्चीत बसकण मारली. मारी बर्गस्ट्रॉम ही फ्रान्समधली समाजशास्त्रज्ञ तर म्हणते की प्रेमातला खरा बदल हाच: जोडीदार शोधणं ही चारचौघांतली गोष्ट होती, ती आता खासगी झाली. लोक ॲपवर जातात ते मित्रांच्या, सहकाऱ्यांच्या, घरच्यांच्या नजरेआड कुणालातरी भेटता यावं म्हणून.

नजरेआड! म्हणजे आमच्याच नजरेआड!

थोडक्यात, एका फार जुन्या पदावरची बाई कामावरून गेली. तिला आत्याबाई म्हणा, मावशी म्हणा, ‘वहिनींची मैत्रीण’ म्हणा. ती आपली आत्या असलीच पाहिजे असं नाही, कुणाची तरी असतेच. तिच्या डोक्यात पाचपन्नास घरांची वही असायची. मुलाचा पगार किती आणि सांगतात किती, त्याच्या बापाचा राग, धाकट्या काकाचं पिणं, थोरल्या बहिणीचं मोडलेलं लग्न आणि ते मोडलं त्याचं खरं कारण. यातलं निम्मं ती कुणालाही सांगायची आणि उरलेलं ‘तू कुणाला बोलू नकोस’ म्हणून सांगायची.

तरी आपल्या देशात तिची सद्दी पुरती संपली नाही, हे मान्य. लग्न जमवणारं शादी डॉट कॉम मुंबईतलं. अनुपम मित्तल यांनी नव्वदच्या दशकात सगाई डॉट कॉम या नावाने ते सुरू केलं. तिथे नाव नोंदवताना आजही पहिलाच प्रश्न असा की हे प्रोफाइल कुणासाठी? स्वतःसाठी, मुलासाठी, मुलीसाठी, भावासाठी, बहिणीसाठी, नातेवाइकासाठी... म्हणजे आत्याबाईला संगणकावर बसवायची सोय त्यांनी करून ठेवली. त्यामुळे घरोघरी आता दुहेरी संसार चाललाय. मातोश्री हॉलमध्ये लॅपटॉप उघडून लेकीच्या नावाने ‘नमस्कार, आपली मुलाची माहिती आवडली’ असं टंकतात आणि लेक आतल्या खोलीत स्वतःच्या नावाने भलतंच काहीतरी टंकते. एकाच वायफायवर! टिंडर या डेटिंग ॲपलाही हे ठाऊक होतं. २०१६ साली त्यांनी भारतासाठी जाहिरात काढली, तीत मुलगी नटूनथटून भेटीला निघालीय आणि आई चक्क कौतुकाने पसंतीची मान डोलावतेय. जाहिरात आली आणि देशभरातल्या मुलींनी तिची यथेच्छ टिंगल केली. आईला सांगून जायचं असतं तर ॲप कशाला घेतलं असतं?

बरं, हे थेर आजकालचे म्हणावेत तर तेही जमत नाही. इंग्लंडात १६९५ साली जॉन हॉटन नावाच्या गृहस्थाच्या पत्रात, जे पत्र शेती आणि व्यापार सुधारावा म्हणून निघायचं, एका तिशीच्या सद्गृहस्थाने जाहिरात दिली: मालमत्ता चांगली आहे, जवळ तीनेक हजार पौंड असलेली तरुण कुलीन स्त्री हवी. तीन हजार पौंड, १६९५ साली! हुंड्याचा आकडा असा छापून मागायला आमच्याकडच्या वरबापालाही जरा लाज वाटते. तो ‘तुमच्या मुलीला तुम्ही द्याल ते’ असं म्हणतो. पुढे १९६५ साली हार्वर्डच्या पोरांनी ‘ऑपरेशन मॅच’ काढलं. तीन डॉलर भरा, लांबलचक प्रश्नावली भरा, आयबीएमचं यंत्र तुम्हाला जोडीदारांची यादी देणार. पोरं हार्वर्डची, तेव्हा डोकं त्याच कामाला लावणार, नाही का?

माझी सर्वांत लाडकी चुगली मात्र १९३७ सालची आहे. विलार्ड वॉलर हा समाजशास्त्रज्ञ एका अमेरिकन कॉलेजातल्या पोरापोरींचं फिरणं अभ्यासत होता. त्याला आढळलं की तिथे प्रेमाबिमाचा संबंध थोडाच. सगळी भानगड प्रतवारीची. मुलग्यांची पत ठरायची ती क्लब कोणता, गाडी आहे का, खिशात किती, नाचता येतं का, यांवर. मुलींची पत ठरायची ती मागणी किती यावर. आणि मागणी आहे हे दिसलं पाहिजे. म्हणून वसतिगृहातल्या काही मुली फोन आला की पहिल्या हाकेला उठायच्याच नाहीत. चार वेळा नावाचा पुकारा होऊ द्यायचा, मजल्यावरच्या सगळ्या मैत्रिणींच्या कानी पडू द्यायचा, मग सावकाश उतरायचं! या बाबाने पुढच्या वर्षी आणखी एक तत्त्व मांडलं. नात्यात ज्याला कमी गरज, त्याच्या हातात लगाम. आता सांगा, आजची पोरगी निरोप बघते, निळ्या खुणा उमटू देते आणि सहा तास उत्तर देत नाही, तेव्हा तिने काय नवं केलं? फरक इतकाच की वसतिगृहातला पुकारा सगळ्या मजल्याला ऐकू जायचा. निळ्या खुणा एकट्या त्या बिचाऱ्याला दिसतात.

खोटं बोलण्याचं काय, असं विचाराल. अहो, त्याचाही पंचनामा झालाय. कॉर्नेल विद्यापीठाशी संबंधित संशोधकांनी न्यूयॉर्कमधल्या ८० ऑनलाइन इच्छुकांना बोलावलं, भिंतीशी उभं करून उंची मोजली, काट्यावर उभं करून वजन घेतलं, वाहन परवान्यावरून वय तपासलं आणि सगळं त्यांच्या प्रोफाइलशी ताडून पाहिलं. २००८ साली निकाल छापला: उंची, वजन, वय यांपैकी निदान एका बाबतीत ८१ टक्के मंडळींनी थाप मारलेली. पुरुष उंचीत वाढले, बायका वजनात घटल्या. ऐकून मला भरून आलं. ‘गव्हाळ’, ‘मध्यम बांधा’, ‘पाच-सहा, चप्पल घालून’ ही आपली थोर परंपरा तिकडेही नांदतेय! पण गंमत पुढे आहे. थापा बहुतेक चिमूटभरच निघाल्या. कारण उघड आहे: आज ना उद्या समोर बसायचंय. बघणारं कुणी असेल तर माणूस मापात खोटं बोलतो.

कंपनीला मात्र कुणापुढे बसायचं नसतं. ओकेक्युपिड या साइटचा एक संस्थापक, ख्रिश्चन रडर, याने २०१४ साली स्वतःच जाहीर केलं की आम्ही आमच्या गिऱ्हाइकांवर प्रयोग करतो. ज्यांचे गुण साइटच्या गणिताप्रमाणे जेमतेम ३० टक्के जुळत होते, अशा काहींना त्यांनी मुद्दाम ९० टक्के जुळतात असं सांगितलं. बघू काय होतं! झालं असं की ती माणसं खरंच जास्त बोलू लागली. आमचे गुरुजीही वेळप्रसंगी सतरा गुणांचे बावीस करतात, मंगळाला सौम्य करून देतात; पण त्याला ते संशोधन म्हणत नाहीत, दक्षिणा म्हणतात. याच रडरने त्याच वर्षी ‘डेटाक्लिझम’ नावाचं पुस्तक लिहून आपल्या साइटवरचे आकडे चव्हाट्यावर मांडले. त्यात असं की बायकांना साधारण आपल्या वयाच्या आगेमागचा पुरुष देखणा वाटतो. वय वाढेल तशी ही आवडही वाढत्या वयाची होत जाते. आणि पुरुष? तिशीचा असो, चाळिशीचा असो, पन्नाशीला टेकलेला असो, त्याला सर्वांत सुंदर वाटते ती विशीच्या सुरुवातीची मुलगी. शिव शिव! सोसायटीच्या बागेत पोट आत ओढून चालणाऱ्या काकांकडे बघून आम्ही जे इतकी वर्षं म्हणत होतो, ते अखेर आकृतीसह सिद्ध झालं.

आता पैशाचं बोलू, कारण चर्चा तिथे आल्याशिवाय खमंग होत नाही. आत्याबाईला लग्न जमलं की साडी मिळायची, पंगतीत पहिल्या रांगेत पाट मिळायचा, आणि पुढची वीस वर्षं ‘यांचं मीच जमवलं’ म्हणायचा हक्क मिळायचा. जमलं नाही तर हात हलवत घरी. ॲपचा व्यवहार याच्या उलटा आहे. तुमचं जमलं की तुम्ही दोघंही ॲप काढून टाकणार, म्हणजे कंपनीची दोन गिऱ्हाइकं एकदम गेली! जोवर जमत नाही तोवर दरमहा वर्गणी चालू. टिंडर, हिंज, ओकेक्युपिड ही सगळी एकाच मॅच ग्रुपची भावंडं. त्यांतल्या हिंजचं ब्रीद असं की आमचं ॲप काढून टाकण्यासाठीच बनवलंय. आणि या ग्रुपवर अमेरिकेत खटला भरला गेला तो असा की तुमची ॲप माणसाला जुगारासारखं व्यसन लावण्यासाठी बनवलीत. खटला दाखल झाला तो दिवस १४ फेब्रुवारी २०२४! कंपनीने हा आरोप हास्यास्पद ठरवला. न्यायालय काय म्हणायचं ते म्हणो. मला फक्त तारीख निवडणाऱ्या वकिलाला भेटायचंय. तो आमच्यातला आहे.

आत्याबाई गेली तशी तिची आणखी एक सेवा बंद पडली: नकार पोचवण्याची. पूर्वी मुलगी पसंत नसली तर मुलाकडचे तसं म्हणायचे नाहीत. ‘पत्रिका जुळत नाही’, ‘मुलाचा इतक्यात विचार नाही’, ‘योग असतो हो एकेकाचा’. सगळ्यांना ठाऊक की हे खोटं आहे, आणि सगळ्यांची अब्रू त्या खोट्यात सुखरूप. निरोप नेणारी बाई दोन्ही घरी परत चहाला येणार असायची, म्हणून शब्द जपून वापरले जायचे. आता काय होतं? तीन आठवडे ‘जेवलीस का’, ‘पोचलीस का’, ‘तुझ्याशिवाय करमत नाही’. आणि चौथ्या आठवड्यात माणूस गायब! फोन नाही, निरोप नाही, डीपीसुद्धा दिसेनासा. याला म्हणे घोस्टिंग म्हणतात आणि पोरं ते सर्दीपडसं झाल्यासारखं सांगतात: ‘मला घोस्ट केलं त्याने.’ अगं, माझ्या नणंदेच्या दिराचा मुलगा असता तर गायब होऊन गेला असता कुठे? त्याच्या आईला मंडईत गाठलं असतं! भाजीवाल्यासमोर विचारलं असतं! तो माणूस भूत होऊ शकतो, कारण तुमच्या दोघांच्या मध्ये त्याला ओळखणारा एकही जिवंत माणूस नाही.

आणि चोरांना हेच तर हवं असतं. २०२४ साली दिल्लीत एक स्पर्धापरीक्षेची तयारी करणारा मुलगा ॲपवर ओळख झालेल्या मुलीला भेटायला कॅफेत गेला. तिने थोडं काही मागवलं, घरी काही तरी अडचण आल्याचं सांगून ती निघून गेली आणि मागे बिल राहिलं लाखाच्या वरचं. मुलगी, कॅफेवाले, सगळे एकाच टोळीतले. त्याच वर्षी मुंबईतही असेच प्रकार चव्हाट्यावर आले. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनकडे २०२२ साली प्रेमाच्या नावाने झालेल्या फसवणुकीच्या सुमारे ७० हजार तक्रारी आल्या. बुडालेली रक्कम १३० कोटी डॉलर. हिऱ्याच्या व्यापाऱ्याचा वारस म्हणून मिरवत बायकांना लुबाडणाऱ्या एका भामट्यावर तर २०२२ साली नेटफ्लिक्सने सिनेमाच काढला, ‘द टिंडर स्विंडलर’. तो बाईला खासगी विमानातून फिरवायचा. आमची आत्याबाई असती तर तिने विमानाकडे बघितलंही नसतं. ‘मूळ गाव कोणतं आणि तिथे याला कोण ओळखतं?’ एवढ्या एका प्रश्नात भामटा उघडा पडला असता.

आता जरा जवळ या, हे आवाज खाली आणून सांगायचंय. आत्याबाईचं इतकं गुणगान केलं खरं, पण तिच्या वहीतला पहिला रकाना कसला होता? जातीचा. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्तर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बंगाली वृत्तपत्रातल्या लग्नाच्या जाहिराती आणि त्यांना आलेली उत्तरं अभ्यासली. २०१३ साली त्यांनी लिहिलं की जातीबाहेर मुलगी द्यावी लागू नये म्हणून मुलीकडचे एम.ए. झालेल्या मुलाऐवजी निरक्षर मुलगाही पत्करतील, इतकं वजन जातीला आहे. देशभराच्या मोठ्या पाहणीत, २०११-१२ साली, आंतरजातीय लग्नं शंभरात पाचच्या आसपास निघाली. हे काही आपोआप झालं नाही. जिन्यातली कुजबुज, नळावरची चौकशी, ‘आडनाव काय म्हणालीस?’ हा साळसूद प्रश्न, या सगळ्यांनी मिळून कुंपणाची राखण केली. बसस्टॉपवरच्या बंड्याची बातमी संध्याकाळपर्यंत घरी पोचायची असं मी वर मोठ्या तोऱ्यात सांगितलं. ती पोचल्यावर त्या मुलीचं कॉलेज बंद झालं असेल, हे सांगायचं राहिलं. कित्येक घरांत त्याहून भयंकर घडलंय.

टिंडरवर नुसतं पहिलं नाव दिसतं. मराठी माणसासाठी ही केवढी मोठी गोष्ट आहे, हे परदेशातल्या त्या टिंडरवाल्यांना बापजन्मी कळायचं नाही! आडनाव नाही म्हणजे गाव नाही, आळी नाही, वही उघडायला जागाच नाही. निदान पहिले दोन निरोप तरी माणूस माणसाशी बोलतो. (तिसऱ्या निरोपात पोरं इन्स्टाग्राम मागतात आणि आडनाव काढतातच, ते सोडा.) आणि ज्यांच्यासाठी आत्याबाईच्या वहीत रकानाच नव्हता, त्यांचं काय? रोझेनफेल्ड यांच्याच आकड्यांत समलिंगी जोडप्यांपैकी ६५ टक्के ऑनलाइन भेटलेली होती. त्यांच्यासाठीचं ग्राइंडर हे ॲप २००९ सालचं, म्हणजे टिंडरहून तीन वर्षांनी थोरलं. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने सहमतीच्या समलिंगी संबंधांवरचा ३७७ कलमाचा शिक्का ६ सप्टेंबर २०१८ ला पुसला. त्याआधीची सगळी वर्षं ज्यांना चारचौघांत ओळख सांगायची सोय नव्हती, त्यांना तो बोटाएवढा पडदा हीच काय ती जागा होती. त्यांना आमच्या नजरेआड व्हायचं होतं, आणि त्यांचं बरोबर होतं.

तर असा हा पेच. आत्याबाई असली की श्वास घेता येत नाही आणि नसली की भामटा खिसा कापतो. मग पोरींनी काय केलं असेल? कान इकडे करा. त्यांनी आत्याबाईला परत बोलावलं! गुपचूप, मागच्या दाराने. २०२२ साली न्यूयॉर्कमधल्या बायकांनी फेसबुकवर एक गट काढला. नाव काय, तर ‘आपण सगळ्या एकाच माणसाला तर भेटत नाही ना?’ या अर्थाचं! तिथे आपल्या भेटीच्या पुरुषाचा फोटो टाकायचा आणि विचारायचं, बायांनो, कुणाला काही माहिती? बघता बघता शहराशहरांत असे गट निघाले. विवाहित असून अविवाहित म्हणवणारे, तिघींना एकच कविता पाठवणारे, पैसे उसने नेणारे, सगळ्यांची उलटतपासणी सुरू. हे ऐकून मला इतका आनंद झाला की मी भाजीत मीठ दोनदा घातलं.

धंदेवाले मागे कसे राहतील? ‘टी’ नावाचं ॲप निघालं, फक्त बायकांसाठी, पुरुषांबद्दल निनावी माहिती सांगायला. काढलं एका पुरुषाने. म्हणे आईला ऑनलाइन आलेल्या वाईट अनुभवांवरून सुचलं. जुलै २०२५ मध्ये ते अमेरिकेत ॲपलच्या दुकानात पहिल्या क्रमांकावर पोचलं. आणि त्याच महिन्यात फुटलं! बायकांनी ओळख पटवायला दिलेल्या सेल्फी आणि ओळखपत्रांसकट सुमारे ७२ हजार चित्रं बाहेर आली. ज्या पुरुषांवर बोललं गेलं त्यांना बाजू मांडायला जागा नव्हती, हाही बोभाटा झालाच. बघा, चहाडी हे कौशल्याचं काम आहे. काय सांगायचं, कुणाला, किती, आणि कुठे तोंडाला कुलूप लावायचं, हे कळायला हयात जाते. आत्याबाईच्या पोटातून गोष्ट बाहेर पडायची ती तिने ठरवली तर. आणि खोटी निघाली तर लोक तिच्या तोंडावर विचारायला यायचे. ती निनावी नव्हती. हेच तिचं भांडवल होतं आणि हाच तिच्यावरचा वचक.

शेवटी टिंडरनेही शरणागती पत्करली. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्यांनी नवी सोय आणली, ‘मॅचमेकर’ नावाची. तुम्ही पंधरापर्यंत मित्रमैत्रिणींना नि घरच्यांना एक दुवा पाठवायचा. त्यांचं स्वतःचं टिंडर असायची गरज नाही. पुढचे चोवीस तास त्यांनी तुमच्यासाठी स्थळं चाळायची आणि सुचवायची. अखेरचा कौल तुमचा. पंधरा जणं! चोवीस तास! अहो, हा साखरपुड्याआधीचा आमचा हॉल आहे. सोफ्यावर सात, खाटेवर चार, दारात उभे चार, आणि सगळे एकाच फोटोकडे बघून ‘नाक जरा बसकं आहे’ म्हणताहेत. कॅलिफोर्नियातल्या हुशार माणसांनी मध्यस्थांना हाकलण्यासाठी ॲप काढलं आणि अकरा वर्षांनी तिथेच पंधरा मध्यस्थ बसवले. टोकियोच्या महानगर सरकारने तर २०२४ साली स्वतःचंच ॲप काढलं, अविवाहित असल्याचा दाखला आणि उत्पन्नाचा कागद घेऊनच आत सोडतं. तिकडे आत्याबाई सरकारी नोकरीत लागली, पेन्शनसकट!

म्हणून पोरांनो, पोरींनो, एवढं करा. ॲप वापरा, खुशाल वापरा. जात विचारणाऱ्या आत्याबाईला दारातूनच परत पाठवा. मी सांगते, माझं नाव सांगा. पण भेटायला निघाल्यावर कुठे, कुणाला आणि किती वाजेपर्यंत, हे निदान एका बाईला सांगून जा. तुम्ही मैत्रिणीला लोकेशन पाठवता ना, तेच. पण मैत्रीण जरा आगाऊ निवडा. जी दहा वाजता फोन करेल, न उचलल्यास पुन्हा करेल, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या ऑफिसात ओळखीचं कोण आहे ते शोधून काढेल. अशी कुणी सापडत नसेल तर आमच्या जिन्यात या. सांगायच्या आधी तेवढं ‘कुणाला बोलू नका हं’ म्हणायला विसरू नका. म्हणजे बातमी वेळेवर पोचेल.